अंगणात कोळशावर भाजण्यासाठी खरोखर कोणती साधने लागतात?

विचारणा अशी आहे: मुळशीच्या बाजूला शेतघर आहे, हिवाळ्यात अधूनमधून 8 ते 10 माणसे जमतात, कोळशावर कोंबडी, मासे, पनीर आणि भाज्या भाजायच्या आहेत; त्यासाठी पेटीत घालून मिळणारा 18 वस्तूंचा संच घ्यावा की सुट्या वस्तू निवडून घ्याव्यात?

माझे उत्तर स्पष्ट आहे. संच घेऊ नये. त्यातल्या निम्म्या वस्तू, म्हणजे कणसाला टोचायच्या आखूड मुठी, मीठ-मिऱ्याच्या डब्या, काटे आणि सुऱ्या, घरात असतातच किंवा कधी लागत नाहीत. आणि ज्या दोन-तीन वस्तूंवर सगळे भाजणे अवलंबून असते, त्या संचात एक तर नसतात किंवा पातळ पत्र्याच्या असतात. उघड्यावर भाजताना कामे तीनच असतात: विस्तव हवा तितका राखणे, विस्तव आणि पदार्थ यांच्यातले अंतर बदलता येणे, आणि पदार्थ आतून शिजला की नाही हे कळणे. यांपैकी एकाही कामाला न येणाऱ्या साधनावर सुरुवातीला पैसे घालू नयेत.

शेगडी झाकणाची घ्यावी, असा माझा आग्रह आहे. शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी 1952 साली पाण्यावर तरंगणाऱ्या धातूच्या बोयाचे दोन अर्धगोल वापरून झाकणाची गोल शेगडी तयार केली, आणि आज दिसणाऱ्या बहुतेक गोल शेगड्या त्याच घडणीच्या आहेत. झाकणाचे काम पदार्थ झाकून ठेवण्यापुरते नाही. खालच्या झडपेतून आत येणारी हवा आणि वरच्या झडपेतून बाहेर जाणारा धूर या दोहोंवर विस्तवाचा जोर ठरतो. खालची झडप अर्धी मिटली की थोड्याच वेळात निखारे मंदावतात, आणि वितळलेल्या तेला-तुपामुळे ज्वाळा उठल्या तर झाकण लावल्याबरोबर त्या बसतात. पाणी शिंपडून ज्वाळा विझवायची सवय अनेकांना असते, पण त्याने राख उडून अन्नावर बसते आणि पेटलेले तेल उसळते. सीख कबाबासाठी मात्र झाकण लागत नाही. मुंबईत मोहम्मद अली रोडवर दिसते तशी लांबट, उघडी, कडेवर सळया टेकवायची शेगडी त्याला उत्तम, आणि ती लोखंडी काम करून देणाऱ्या एखाद्या फॅब्रिकेटरकडून सहज करून घेता येते.

करून घेणार असाल तर पत्र्याकडे लक्ष द्यावे. किमान 2 मिलिमीटर जाडीचे साधे लोखंड चालते. त्याला गंज चढतो, पण तेलाचा हात फिरवत राहिल्यास ते वर्षानुवर्षे टिकते. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, जाळी किंवा बादली निखाऱ्यांजवळ कधीही वापरू नये. जस्त 419 अंश सेल्सिअसला वितळते, निखाऱ्यांचे तापमान त्याच्या पुष्कळ वर जाते, आणि तापलेल्या जस्ताचा धूर छातीत गेल्यास थंडी वाजून ताप येतो. स्टेनलेस स्टील घेताना दुकानदार चुंबक लावून दाखवतो, ते चिकटले नाही की 304 या चांगल्या प्रतीचे स्टील असल्याचे सांगतो. ही परीक्षा अपुरी आहे, कारण स्वस्त 202 प्रतीच्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही. मुळशीला यामुळे फारसे बिघडणार नाही. पण अलिबाग, गुहागर किंवा गोव्यातल्या घरासाठी घेत असाल तर खाऱ्या वाऱ्यात 202 वर लवकर डाग पडतात, म्हणून बिलावर प्रत लिहून घ्यावी. पदार्थ ठेवायची जाळी बिडाची किंवा 6 ते 8 मिलिमीटर जाडीच्या गजांची असावी. बारीक तारेच्या जाळीत उष्णता साठत नाही, ती वाकते, आणि मासा तिला चिकटून बसतो.

कोळसा कोणता, हा प्रश्न साधनांच्या यादीत बसत नसला तरी त्याच्याशिवाय यादीला अर्थ नाही. लाकडापासून केलेला लोणारी कोळसाच घ्यावा. दगडी कोळशाला स्वयंपाकात जागा नाही. आपल्याकडे बाभळीचा आणि वेड्या बाभळीचा कोळसा मिळतो, तो कठीण, जड आणि बराच वेळ धग देणारा असतो. करवंटीचा कोळसा एकसारखा जळतो आणि धूर कमी करतो. पोत्यातला कोळसा हाताने निवडावा: एकमेकांवर आपटल्यावर खणखणीत आवाज देणारे, लिंबाएवढे ते अंड्याएवढे तुकडे वेगळे काढावेत, चुरा बाजूला ठेवावा, कारण चुऱ्यामुळे हवेच्या वाटा बुजतात. 8 ते 10 माणसांसाठी 3 ते 4 किलो निवडलेला कोळसा पुरतो, तरी एक-दोन किलो हाताशी असू द्यावा.

पेटवण्यासाठी मी रॉकेल, पेट्रोल किंवा थिनर यांना हात लावू देत नाही. भडक्याचा धोका आहेच, शिवाय त्यांचा वास कोळशात मुरतो आणि मासा व पनीर तो लगेच ओढून घेतात. त्याऐवजी कोळसा पेटवायची चिमणी घ्यावी: दोन्ही बाजूंनी उघडे, सुमारे 30 सेंटिमीटर उंचीचे लोखंडी नळकांडे, आत खालून थोड्या उंचीवर जाळी, बाजूला भोके आणि लाकडी मूठ. वर कोळसा भरायचा, खाली नारळाची शेंडी, कागद किंवा गोवरीचा तुकडा पेटवायचा. गरम हवा वर चढते, खालून ताजी हवा ओढली जाते, आणि पंखा न घालता 15 ते 20 मिनिटांत सगळा कोळसा एकसारखा धरतो. वरच्या तुकड्यांच्या कडांवर पांढुरकी राख दिसू लागली की तो ओतावा. एवढ्याशा साधनाने पहिला अर्धा तास वाचतो, आणि भुकेल्या पाहुण्यांसमोर कच्च्या धुरावर पदार्थ ठेवायची घाई होत नाही. फॅब्रिकेटरकडे ही चिमणी शेगडीबरोबरच करून घेता येते.

पेटलेले निखारे शेगडीभर सारखे पसरू नयेत. ते एका बाजूला रचावेत आणि दुसरी बाजू मोकळी ठेवावी. तांगडी आधी मोकळ्या बाजूला, झाकणाखाली शिजवायची आणि शेवटी निखाऱ्यांवर आणून रंग आणायचा. पनीर उलट, आधी निखाऱ्यांवर आणि मग बाजूला. अशी मांडणी करता येण्यासाठी निखारे सरकवायचे साधन लागते, आणि इथे गोष्ट चिमट्यावर येते.

चिमट्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सर्वांत जास्त हयगय याच वस्तूची होते. घरातला पापड भाजायचा चिमटा आखूड आणि पातळ असतो. त्याने फुलका उचलता येतो, पण पाऊण किलोची अख्खी सुरमई पलटता येत नाही. उघड्यावरच्या कामाला सुमारे 40 सेंटिमीटर लांबीचा चिमटा हवा. 30 सेंटिमीटरचा असला तर मनगट धगीत जाते, आणि 45 च्या पुढे गेला तर टोकाशी जोर उरत नाही. पाती दोन्ही हातांनी पिळून पाहावीत. ती वळली तर चिमटा परत ठेवावा. टोके शिंपल्यासारखी दंतुर असावीत, सपाट नकोत आणि टोकदारही नकोत, कारण टोकदार चिमट्याने मांस टोचले जाऊन रस निखाऱ्यांत गळतो. दुकानातच परीक्षा करावी: चिमट्याने टेबलावरचे पेन उचलावे, मग पाण्याने भरलेली बाटली उचलावी. दोन्ही गोष्टी एका हाताने, बोटे न दुखता जमल्या तर तो चिमटा घ्यावा. शंभर-दीडशे वेळा चिमटा दाबल्यावर हात भरून येतो की नाही हे स्प्रिंगच्या ताठपणावर ठरते, म्हणून फार कडक स्प्रिंगचा चिमटाही टाळावा.

असे तीन चिमटे लागतात. एक निखाऱ्यांसाठी, एक कच्च्या मांसासाठी आणि एक शिजलेल्या पदार्थांसाठी. कच्च्या कोंबडीला लागलेला चिमटा तयार तांगडीला लागला तर शिजवण्याचा निम्मा उपयोग वाया जातो. अंधारात ते ओळखता यावेत म्हणून मुठींना वेगवेगळ्या रंगाचे दोरे गुंडाळावेत. हाच नियम परातींना लागू आहे: मसाला लावलेले कच्चे मांस ज्या परातीतून आणले, त्याच परातीत भाजलेले तुकडे ठेवू नयेत. मुरवलेले मांस बर्फाच्या पेटीत ठेवून लागेल तसे काढावे. उष्ण दिवशी ते तासाभराहून जास्त वेळ बाहेर राहू देऊ नये.

तापमापक ही दुसरी अशी वस्तू आहे जिच्यासाठी मी बाकी चार वस्तू सोडून देईन. सुईसारखी टोचायची आणि दोन-तीन सेकंदांत आकडा दाखवणारी बॅटरीवरची तापमापी मिळते. आपल्या पदार्थांना तिची विशेष गरज आहे, कारण काश्मिरी मिरची आणि हळद यांनी कोंबडी आधीच लाल-केशरी झालेली असते, मसाल्याचा थर लवकर करपतो, आणि वरचा रंग पाहून आतले काहीही कळत नाही. कोंबडीचा सर्वांत जाड भाग 74 अंश सेल्सिअसला पोहोचला की ती खाण्यास सुरक्षित असते. तांगडी मात्र 80 ते 85 पर्यंत नेली तर हाडाजवळचे चिवट धागे विरघळून मांस सुटसुटीत होते. खिम्याचे कबाब 71 अंशांपर्यंत, मासा 63 पर्यंत. सुई हाडाला टेकू देऊ नये, कारण हाडाचे तापमान मांसाहून वेगळे असते, आणि पातळ तुकड्यात ती वरून न टोचता बाजूने आडवी घालावी.

नवी तापमापी घरी आणली की आधी तपासावी. पेला बर्फाच्या चुऱ्याने भरून त्यात थोडे पाणी घालावे, दोन मिनिटांनी सुई मधोमध धरावी. 0 किंवा एखादा अंश इकडेतिकडे दिसायला हवे. उकळत्या पाण्याने तपासणार असाल तर समुद्रसपाटीचा 100 हा आकडा सगळीकडे लागू होत नाही: पुण्यात पाणी सुमारे 98 अंशांना उकळते आणि महाबळेश्वरला 95 च्या आसपास, त्यामुळे चांगली तापमापी सदोष ठरवून परत करायची वेळ येऊ नये. जाळीची धग मोजायला मात्र तळहात पुरतो. जाळीच्या वर वीतभर अंतरावर तळहात धरावा; 2 ते 3 सेकंदांत मागे घ्यावा लागला तर धग तीव्र, 5 ते 6 सेकंद धरवला तर मध्यम, 8 ते 10 सेकंद धरवला तर मंद.

माशासाठी बिजागरीची, मुठीची दुहेरी जाळी घ्यावी. बांगडा आणि पापलेट थेट जाळीवर ठेवले की पलटताना त्यांची कातडी जाळीवर राहते आणि भरलेला रेशादचा (गोव्याकडचा लाल) मसाला निखाऱ्यांत पडतो; दुहेरी जाळीत दाबून धरलेला मासा अख्खाच्या अख्खा फिरतो. जाळीच्या आतल्या बाजूला तेल लावावे, आणि जमल्यास केळीच्या पानाचा तुकडा खालच्या बाजूला ठेवावा. हीच जाळी वांग्याच्या कापांना आणि मशरूमलाही उपयोगी पडते. भरताचे अख्खे वांगे मात्र जाळीशिवाय थेट निखाऱ्यांत घालावे. खानदेशात ते कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात आणि त्या धुराची चव गॅसवर कधी येत नाही. तुमच्या भागात कपाशी नसली तरी शेवटी मूठभर वाळक्या काड्या निखाऱ्यांवर टाकून पाहाव्यात. रताळी आणि कांदे कडेच्या फुफाट्यात पुरून ठेवावेत, त्यांना कोणतेही साधन लागत नाही.

सळया दोन प्रकारच्या ठेवाव्यात. खिमा गोल सळईवर घसरून फिरतो, त्यासाठी बोटभर रुंदीची चपटी सळई हवी. पनीर, ढोबळी मिरची आणि कोंबडीच्या तुकड्यांना चौकोनी बारीक सळई चालते. लांबी शेगडीच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना चार-चार बोटे जास्त असावी. बांबूच्या काड्या वापरणार असाल तर अर्धा तास पाण्यात भिजवाव्यात, आणि तरीही त्यांची टोके निखाऱ्यांबाहेर ठेवावीत.

आपल्याकडच्या मंडळींत शाकाहारी माणसे असणारच, आणि त्यांच्यासाठी “आधी भाज्या भाजून घेऊ” एवढे पुरेसे नाही, कारण जाळीला मागच्या वेळचे मांसाचे तेल मुरलेले असते. त्यांच्यासाठी वेगळी जाळी, वेगळा चिमटा, वेगळ्या सळया आणि मसाला लावायचा वेगळा कुंचला असावा. एक छोटी उघडी शेगडी स्वतंत्र ठेवता आली तर फारच चांगले. हा खर्च मी चैनीत धरत नाही. पाहुण्याने ताटाकडे शंका न घेता पाहावे, हे यजमानाचे काम आहे.

मसाला किंवा लोणी लावायला सिलिकॉनचा कुंचला बरा, तो धुता येतो आणि त्याचे केस गळत नाहीत. जाळीला तेल लावायला अर्धा कापलेला कांदा काट्याला टोचून तेलात बुडवावा आणि तापलेल्या जाळीवर घासावा. कापडाच्या बोळ्यापेक्षा हे सोपे आणि निर्धोक आहे. जाळी घासायला तारेचा ब्रश मी अजिबात सुचवत नाही. त्याची तार तुटून जाळीला चिकटते, तिथून अन्नात जाते आणि घशात किंवा आतड्यात रुतते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2012 साली अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. लोखंडी पट्टीचे खरवडणे किंवा नारळाच्या काथ्याचा जाड बोळा घेऊन, जाळी गरम असतानाच, लांब चिमट्याने धरून घासावी.

हातमोजे वेल्डिंगचे घ्यावेत. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे कोपरापर्यंतचे चामड्याचे मोजे स्वयंपाकघरातल्या नक्षीदार मोज्यांपेक्षा स्वस्त आणि खात्रीचे असतात. ओले फडके मात्र कधीही वापरू नये. त्यातल्या पाण्याची क्षणात वाफ होऊन हात भाजतो. कपडे सुती असावेत, ओढणी आणि पदर खोचलेले असावेत. भाजलेच तर वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटे भाग धरावा, त्यावर हळद, टूथपेस्ट किंवा बर्फ लावू नये. शेगडीपासून दोन पावलांवर वाळूची बादली ठेवावी, आणि लहान मुलांना किती अंतरावर थांबायचे ते जमिनीवर रेघ मारून आधीच दाखवावे. कार्यक्रम रात्री असेल तर डोक्याला बांधायची बॅटरी अवश्य घ्यावी. बागेतल्या मंद दिव्यांत करपलेले आणि भाजलेले यांतला फरक दिसत नाही, आणि एका हाताने मोबाइल धरून दुसऱ्या हाताने तांगडी पलटणे हे भाजून घेण्याचे निमंत्रण आहे.

पावसाची सर आली म्हणून शेगडी उचलून खोलीत, गॅरेजमध्ये किंवा तंबूत नेऊ नये. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास, आणि खिडकी उघडी ठेवणे पुरेसे नसते. मुळशी परिसरात फेब्रुवारीपासून पुढे गवत वाळलेले असते. एका ठिणगीने वणवा लागतो. शेगडीभोवतीची निदान तीन मीटर जागा साफ करून ओली करावी, आणि वारा सुटला असेल तर बेत पुढे ढकलावा. शेजारी राखीव वन असेल तर आणखी जपावे. भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार तिथे आग लावणे हा गुन्हा आहे.

सगळे एकदम घेणे शक्य नसेल तर क्रम असा ठेवावा: शेगडी, चिमणी आणि तीन चिमटे पहिल्यांदा, तापमापी आणि मोजे त्याच महिन्यात, दुहेरी जाळी, सळया आणि शाकाहारासाठीचे वेगळे साहित्य पुढच्या बैठकीआधी. फिरत्या सळईचे यंत्र, धुराच्या पेट्या, पिझ्झाचा दगड, ही सगळी वर्षभर निखारे हाताळल्यावर विचार करायची साधने आहेत.

काम संपल्यावर दोन्ही झडपा आणि झाकण बंद करावे. हवा तुटली की कोळसा विझतो आणि उरलेला पुढच्या वेळी वापरता येतो. राख विझल्यासारखी दिसली तरी तिच्या पोटात निखारे दिवसभरही जिवंत राहतात, म्हणून ती प्लास्टिकच्या पिशवीत किंवा पाचोळ्याच्या खड्ड्यात टाकू नये. झाकणाच्या लोखंडी डब्यात दोन दिवस राहू द्यावी, मगच शेतात पसरावी. पावसाळ्यापूर्वी जाळी आणि सळया घासून, तापवून, खाण्याच्या तेलाचा पातळ हात देऊन वर्तमानपत्रात गुंडाळाव्यात आणि शेगडीतली सगळी राख काढून टाकावी, कारण दमट राखेने तळाचा पत्रा एका पावसाळ्यातच खाल्ला जातो. कोळशाचे पोते जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून सुटे ठेवावे. ओल धरलेला कोळसा पेटताना तडतडतो आणि ठिणग्या उडवतो, म्हणून हिवाळ्यात पहिल्यांदा वापरण्याआधी तो दोन दिवस उन्हात पसरून घ्यावा.